ड्रिल मशीनशेजारचे दोन खिळे

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे कोळप्याच्या पट्टीला एक होल मारलं. सकाळची वेळ होती. शेडच्या दारातून ऊन आत यायला लागलं होतं. द्वारका मशीनसमोर उभी, मी तिच्या पाठीमागे. पट्टी व्हाईसच्या जबड्यात आवळलेली आणि व्हाईस टेबलाला बोल्टने बसवलेला. तिने बांगड्या काढून एका खिळ्याला अडकवल्या, मशीनची चावी दुसऱ्या खिळ्याला लावली आणि मला म्हणाली, "बगा, दोनी खिळं."

मी बघितलं. "भरल्यात," म्हणालो. मग पायाखालचं बटन दाबलं.

तिने मशीनची दांडी खाली ओढली. लोखंडाचा कीस कुरळा होऊन वर आला. होल पाडणारं बीट खालून निघायच्या बेताला आलं तसा तिने हात हलका केला. डोक्याचं ऑपरेशन झालेली बाई, उजव्या हातात निम्मी ताकद, पण कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं हे हात विसरला नव्हता.

पट्टीला दोन होलं मारायची होती. एकच झालं. दमली ती. "दुसरं उद्या," म्हणाली.

*

मी मिरजगावचा. हायवेला लागून माझं वेल्डिंगचं आणि शेतीच्या अवजारांचं लहानसं वर्कशॉप आहे. शिक्षण चौथी. द्वारका माझी बायको. तिच्या डोक्यात गाठ झाली होती, त्यात ती गेली. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, तुम्ही दोघांनी हे आजारपण कसं काढलं ते लिहा, बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना धीर येईल. मी म्हणालो, मला लोखंड जोडता येतं, अक्षरं नाही. त्या म्हणाल्या, बोलता तसंच लिहा. म्हणून लिहितोय. आजाराची मोठी नावं मला येत नाहीत, आणि आली असती तरी त्यांनी कुणाचं भलं होत नाही.

आमच्या शेडमध्ये वेल्डिंग माझं आणि ड्रिल तिचं. सुरुवातीला ती नुसती भाकरी घेऊन यायची. माझा हात तापट. दांडी जोरात दाबायचो आणि बीट मोडायचं. एकदा भाकरी ठेवता ठेवता म्हणाली, "ते लोखंड काय पळून चाललंय व्हय, यवढं दाबताय?" मी म्हणालो, मग तूच मार. तिने मारलं. बीट मोडलं नाही. त्या दिवसापासून दांडी तिची झाली.

ड्रिल मशीन दिसायला गरीब. वेल्डिंगची ठिणगी दिसते, ग्राइंडर ओरडतो, माणूस आपण होऊन लांब राहतो. ड्रिल गपगुमान फिरतं, आणि जे सैल सापडेल ते गुंडाळून घेतं. बाही, पदर, केस, गळ्यातला दोरा. नवी पोरं हाताला इजा नको म्हणून हातमोजे घालतात. ड्रिलवर हातमोजा घालू नका. मोजा गुंडाळला गेला की बोटं त्याच्या मागं जातात. लोखंडाची पट्टी हातात धरून होल मारायचं नाही. बीट अडकलं की पट्टीच गरागरा फिरते आणि हात कापते. कीस ब्रशने झाडायचा, बोटाने नाही. डोळ्याला चष्मा पाहिजे. आणि बीट ज्यात बसतं त्या चकची चावी. बीट आवळून झालं की चावी आधी काढायची. ती तशीच राहिली आणि बटन दाबलं तर बंदुकीच्या गोळीसारखी सुटते.

द्वारका पदर खोचून वरून माझा जुना अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालायची. मंगळसूत्र शर्टाच्या आत, अंबाड्याला घट्ट फडकं. राहिल्या बांगड्या. हिरव्या काचेच्या. त्या ती रोज काढायची. यासाठी तिने मशीनशेजारच्या लाकडी खांबात दोन खिळे स्वतःच्या हाताने ठोकले. एक बांगड्यांचा, एक चावीचा. तिचा नियम साधा होता. दोन्ही खिळे भरलेले दिसले तरच बटन. एक जरी मोकळा असला, तरी बटनाला हात नाही.

गावाला हे पटलं नाही. माझी थोरली भावजय, वत्सलावहिनी, एकदा शेडमध्येच तिला बोलली. नवरा समोर जिताजागता उभा आणि तू हात मोकळे करतीस, त्याच्या आयुष्याचा तरी इचार कर.

द्वारका म्हणाली, "आक्का, त्यांचं आयुष्य माज्या बांगड्यानं न्हाई, त्यांच्या तंबाखूनं कमी व्हायलंय. ती सोडवा आदी."

वहिनी तणतणत गेली. मी तोंडातली तंबाखू गिळावी का थुंकावी या विचारात पडलो.

*

आजार कसा आला ते सांगतो, कारण इथंच आम्ही सगळे फसलो.

द्वारका बांगड्या काढायची विसरायला लागली. हातात बांगड्या आणि मशीनपाशी उभी. मी ओरडलो की हाताकडं बघायची, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे, आणि मग काढायची. असं वरचेवर व्हायला लागलं. वत्सलावहिनीने ते पाहिलं आणि तिला आनंद झाला. बाजारातून नव्या बांगड्या घेऊन आली, द्वारकाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, उशिरा का हुईना, शानी झाली बया माजी. शेजारच्या बायकाही म्हणाल्या, बरं झालं. मला वाटलं, वय झालं, ऐकायला लागली असेल लोकांचं. अख्ख्या गल्लीला जे चांगलं लक्षण वाटलं तो आजार होता.

मग एक दिवस मी वेल्डिंग करत होतो. तोंडावरची काच वर केली तर ही मशीनपाशी. हातात बांगड्या. चावी चकमध्येच. आणि हात बटनाकडं निघालेला. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. चिडून म्हणालो, खिळे बघ की.

तिने खांबाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, "हे खिळं कुनी मारल्यात? कशाला मारल्यात?"

बाई बांगड्या विसरेल, चावी विसरेल. पण खिळे विसरणार नाही. मी शटर ओढलं आणि सोपानला फोन लावला.

*

सोपान आमचा मुलगा. नगरला कारखान्यात मशीनवर आहे, तिथंच बिऱ्हाड केलंय. आम्ही नगरला उतरलो तेव्हा तो स्टँडवर उभाच होता.

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढायचा होता. आत जाताना अंगावर काही नको. तिथली सिस्टर बिचारी चाचरत म्हणाली, आजी, मंगळसूत्र काढावं लागेल, जोडवी पण, बांगड्या पण काढून ठेवा, रागावू नका. बायका तिथं रडतात म्हणे. द्वारकाने झटक्यात सगळं काढलं. त्या दिवशी तिचं डोकं जाग्यावर होतं. बांगड्या हातात घेऊन ती भिंतीवर इकडंतिकडं बघायला लागली. मला कळलं काय शोधतीय ते. भिंत गुळगुळीत, पांढरी. मग तिने सगळं माझ्या हातात दिलं. "धरा. हितं तुमीच खिळा."

मी मूठ आवळून बाकावर बसलो. सोपानने चहा आणला तो घ्यायला हात मोकळा नव्हता.

फोटो बघून डॉक्टरीणबाई सोपानशी हळू आवाजात बोलायला लागल्या. मी म्हणालो, बाई, बायको माझी आहे, मला सांगा, आणि सरळ सांगा. त्यांनी सांगितलं. गाठ आहे. काढता येईल तेवढी काढू. पण ही जात परत येणारी आहे. सोपान बाहेर जाऊन जिन्यात रडला. मी आयुष्यभर फटकळ माणूस, कुणाच्या बापाला भ्यालो नाही. पण द्वारकाने "काय म्हनल्या?" विचारलं तेव्हा मी तिच्या बांगड्या एकेक करून तिच्या हातात चढवत बसलो.

शेवटी म्हणालो, "डोक्यात गाठ हाय."

तिने मोठा श्वास सोडला. "गाठ हाय व्हय. मला वाटलं, मी येडी व्हायला लागले." आणि हसली. खरंच हसली. इतके दिवस ती एकटी हे भ्या पोटात घेऊन हिंडत होती. म्हणून सांगतो, तुमच्या माणसापासून आजार लपवू नका. न सांगता त्याने जे मनात धरलेलं असतं, ते कधीकधी आजाराहून वाईट असतं.

*

दवाखान्याचे दिवस सगळे सारखे. पहाटे फरशी पुसायला मावशी येतात आणि बाकाखालचे तुमचे पाय उचलायला लावतात. मग सुया, मग डॉक्टरांचा फेरा, तेव्हा नातेवाइकांना बाहेर काढतात. बाहेर बाकावर राहुरीकडची एक म्हातारी माझ्या शेजारी असायची, तिचा भाऊ आत होता. तिच्याकडं शेंगदाण्याची चटणी, आमच्या सूनबाईच्या डब्यात भाकरी. आम्ही दोघं फारसं बोललो नाही. पण सकाळी माझी जागा ती पिशवी ठेवून धरायची. अशी माणसं भेटतात. त्यांना धरून राहा.

ऑपरेशनच्या आधी द्वारकाचे केस काढले. मी आत जायला घाबरत होतो. ती म्हणाली, "बगा, मशीनवाल्या बाईला हेच बरं. अंबाड्याची कटकट मिटली." ऑपरेशननंतर काही दिवस बोलता येईना. उजवा हात मलूल. मी कॉटशेजारी बसलो होतो तर तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि हळूच खाली ओढलं. सोपानला वाटलं, आईला काही दुखतंय. मी ओळखलं. दांडी ओढत होती.

पुढं गाठ वाढू नये म्हणून रोज डोक्याला लाईट द्यायला न्यायचं. गोळ्यांनी तोंड सुजलं, हात सुजले, पहिल्या बांगड्या बसेनात. मी मोठ्या मापाच्या आणल्या.

घरात भांडणं झाली, ती झाकून काय करायचं. सोपान म्हणाला, आण्णा, मशीन विका, शेड बंद करा, दोघं इथं राहा. मी म्हणालो नाही. तो म्हणाला, आईची ही अवस्था आणि तुमी मशीनचं काय घेऊन बसलाय. त्याचं चूक नव्हतं. माझंही नव्हतं. एकाच माणसासाठी दोघं जीव तोडत असले की अशीच भांडणं होतात. वत्सलावहिनी भेटायला आली तेव्हा जिन्यात मला म्हणाली, रोज बांगड्या काढायची, तेच भोवलं.

मी म्हणालो, "वहिनी, काढत हुती तवर धडधाकट हुती. घालाया लागली, तवा आजारी पडली."

ती जिना उतरून गेली. नंतर मलाच वाईट वाटलं. तीही भ्यालीच होती.

*

मिरजगावला परत आलो. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, चूल नाही, विहीर नाही, मशीन तर नाहीच. कधीही फिट येईल.

द्वारका शेडमध्ये खाटेवर बसून माझं काम बघायची. ड्रिलवर आता मी. बीटं मोडायला लागली. एक मोडलं. दुसरं मोडलं तेव्हा म्हणाली, "मला उबं करा तितं."

मी नाही म्हणालो. ती रोज विचारायची, मी रोज नाही म्हणायचो. तिला जेवण गोड लागेना. एक दिवस तिने हट्ट केला नाही, रडली नाही, नुसतं सांगितलं, "हात हाय तवर वापरू द्या. मंग हायेच की निजायचं."

आता काय करावं? फिट आली आणि ती मशीनवर पडली तर माझ्या डोळ्यादेखत होणार. नाही म्हणावं तर ती खाटेवर बसून उरलेले दिवस मोजणार. मी सोपानला फोन केला. तो भडकला, फोन आपटला. पण सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवर आला, पिशवीत पायाने दाबायचं बटन आणि चकपुढं लावायचा पारदर्शक आडोसा. "करायचंच हाय तर नीट करा," म्हणाला आणि माझ्याकडं न बघता वायरी जोडायला बसला. पाय दाबला की मशीन चालू, पाय उचलला की बंद. मशीनचा पट्टा सगळ्यात हळू फिरवणाऱ्या पुलीवर टाकला, म्हणजे बंद केल्यावर लगेच थांबेल.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मी मागं उभा राहणार, एक हात तिच्या कमरेला, बटन माझ्या पायाखाली, तिचा हात फक्त दांडीवर. त्या म्हणाल्या, मी हो म्हणणार नाही. पण करणारच असाल तर एक ध्यानात ठेवा. फिट आली तर आधी पाय उचला, मग त्यांना धरा. उलटं करू नका.

ऐकायला सोपं आहे. आपलं माणूस पडायला लागलं की कुणीही आधी हात पुढं करतो. पाय राहतो तिथंच. म्हणून आम्ही सराव केला. मशीनला बीट नाही, काही नाही, नुसतं फिरवायचं, आणि द्वारकाने मध्येच अंग टाकायचं. पहिल्या वेळेला मी दोन्ही हातांनी तिला कवटाळलं आणि मशीन आपलं फिरतंय.

"मेले," ती माझ्या हातावर पडल्या पडल्या म्हणाली. "परत."

परत तेच. "दुसऱ्यांदा मेले. काय ओ कारभारी, यवढा जीव हाय व्हय माज्यावर? आदी कदी दावला न्हाई." सोपान हसायला लागला. मीही. किती दिवसांनी त्या शेडमध्ये कुणी हसलं होतं. दुपारपर्यंत ती मरत राहिली आणि शेवटी माझा पाय शहाणा झाला. ती पडायच्या आधी उचलला जायला लागला. तेव्हा म्हणाली, "आता बीट लावा."

*

तो सगळा उन्हाळा आम्ही काम केलं. सकाळी गारव्याला, एखादं होल, फार तर दोन. खिळे विसरू नये म्हणून तिने मलाच विचारायची पद्धत पाडली. ती म्हणायची, बगा दोनी खिळं. मी म्हणायचो, भरल्यात. मग पाय. कधी तिला पट्टीचं नाव आठवायचं नाही, कधी सोपानचं. पण हे रोज म्हणायची. फिट मशीनवर एकदाही आली नाही. सुदैव म्हणा. हे सगळ्यांनी करावं असं मी सांगत नाही. तुमचं माणूस काय मागतंय ते ऐका, आणि देता येईल असं काही करता येतं का, एवढं बघा.

शेवटच्या दिवशी एक होल मारून ती दमली, ते वर लिहिलंच आहे. मी तिला घरी न्यायला गाडी काढली आणि खिळ्यावरच्या बांगड्या घ्यायला वळलो.

"राहू द्या," म्हणाली. "उद्या परत काडायच्याच हायेत."

घरी आलो. तिने थोडा दूधभात खाल्ला आणि आडवी झाली. दुपारी चहाला हाक मारली तर डोळे उघडेना. श्वास चालू होता, लांब लांब. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं झालं तर धावपळ करून तिला हाल देऊ नका. सोपान नगरहून आला. दिवस मावळायच्या आत ती गेली. तिचा हात माझ्या हातात होता. मूठ माझीच आवळलेली होती, तिची सैल होती.

बायका जमल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, सवाष्ण बाई, आणि हात मोकळे. मी मान वर केली. आता वत्सलावहिनी बोलणार आणि मी तिला घराबाहेर काढणार, एवढंच डोक्यात होतं. पण वहिनी तिनेच मागं आणलेल्या नव्या बांगड्या घेऊन बसली आणि द्वारकाच्या हातात चढवायला लागली. हात सुजलेला, बसेनात. सोपान म्हणाला, आईच्या बांगड्या शेडमध्ये आहेत, घेऊन येतो.

मी म्हणालो, "तितंच राहू दे. तिनं सांगितलंय."

मग वहिनीने स्वतःच्या हातातल्या बांगड्या काढल्या. तिचं मनगट दांडगं, माप मोठं. एकेक करून द्वारकाच्या हातात घातल्या, आणि घालताना "बया माजी, बया माजी" म्हणत राहिली. माझे थोरले भाऊ दारात उभे होते. नवऱ्यासमोर वहिनीचे दोन्ही हात मोकळे होते, आणि तिला कुणी काही म्हणालं नाही.

संध्याकाळीच नेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात माणसं निजलेली होती. सुतक होतं, काम करायचं नसतं. मी चालत शेडवर गेलो, शटर उघडलं. पट्टी व्हाईसमध्ये तशीच होती, एक होल झालेलं, दुसऱ्याच्या जागी पंच ठोकून केलेली खूण.

मी मनगटातलं घड्याळ काढून खिशात घातलं. लांब बाह्यांचा सदरा काढला आणि तिथं अडकवलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला. तो मुळात माझाच. चष्मा लावला. बीट चकमध्ये आवळलेलंच होतं, तरी एकदा हाताने फिरवून बघितलं. मग खांबाकडं पाहिलं. एका खिळ्याला बांगड्या. दुसऱ्याला चावी.

"भरल्यात," म्हणालो.

पाय दाबला, दांडी ओढली. बीट खालून निघायच्या बेताला आलं तसा हात हलका केला. बीट मोडलं नाही.